बाक नसलेला वर्ग

"इथं बसायला बाक नाही?" दारातच थांबून आलिदाबाईंनी विचारलं.

"नाही," रिनुस म्हणाला. "आत आलं की मोजे काढायचे आणि गादीवर यायचं. बघ्यांची सोय नाही आमच्याकडे."

"सोडायला आलेल्यांनीसुद्धा?"

"राजा आला तरी."

बाई एकदम खूश झाल्या. रिनुसला नवल वाटलं. डेव्हेंटर गावातल्या, स्वसंरक्षण शिकवणाऱ्या सगळ्या शिक्षकांनी त्याला सावध केलं होतं, सत्तरीच्या एक बाई येतील, नाकानं कांदे सोलणाऱ्या. कराटेच्या वर्गात त्यांना आरडाओरडा फार वाटला. बॉक्सिंगवाल्याकडे घामाचा वास. तिसऱ्याकडे सगळं नीट होतं, तर म्हणे सोबत आलेल्या माणसाला तासभर कॉफी देऊन बाकावर बसवतात, हे काही बरं नाही. कॉफी फुकट मिळाली म्हणून तक्रार करणारं माणूस त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

बाईंच्या मागे त्यांची मुलगी उभी होती. योरीन, चाळिशीची, उंच, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"मार्चमध्ये बाजारात आईची पर्स कुणीतरी ओढून पळालं," ती हळू आवाजात सांगू लागली. "तेव्हापासून ही एकटी घराबाहेर पडत नाही. पूर्वी कशी होती माहितेय? अख्खा बाजार हिला घाबरायचा."

"अजून घाबरतो," बाई म्हणाल्या.

"मग एकटी जाऊन दाखव ना."

"बघा मास्तर, ही अशी बोलते मला."

रिनुस हसला. त्याच्या आईलाही असंच कुणीतरी लुबाडलं होतं. ती त्यानंतर घरात बसली ती बसलीच. गावभरच्या पोरांना पडायला आणि उठायला शिकवणाऱ्या रिनुसला स्वतःच्या आईला काही उंबऱ्याबाहेर काढता आलं नव्हतं. ह्या म्हातारीला तसं बसू द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

"सायकलनं आलात का?" कोट घेता घेता त्यानं विचारलं.

"बसनं," बाई म्हणाल्या. "हिनं सायकल विकली. शाळेत असल्यापासून वारा-पाऊस न बघता सायकल हाणायची ही, आणि आता बस!"

"गुडघा दुखतो, आई. किती वेळा सांगू?"

लहान मुलांचा वर्ग नुकताच सुटला होता. पोरं भिंतीपाशी बुटांच्या नाड्यांशी झटत होती. रिनुसनं दोघींना गादीवर गुडघे टेकून बसवलं. योरीनचा गुडघा चांगला वळत होता. बरं झालं, त्याला वाटलं, आईला जोडीदार मिळाला.

"पहिला धडा, ओरडणं," तो म्हणाला. "पोटातून. 'नाही!'"

"नाही!" आलिदाबाई अशा कडाडल्या की नाडी बांधणारी एक चिमुरडी मागे कलंडली. पोरं खिदळली.

"आता तुम्ही."

योरीननं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही.

"ती लाजते," बाई घाईनं म्हणाल्या. "पुढचं दाखवा."

रिनुसनं स्वतःचंच मनगट पकडून दाखवलं. "पकडणाऱ्याचा अंगठा जिथं आहे, त्या बाजूनं हात सोडवायचा. चार बोटांशी भांडायचं नाही, एका अंगठ्याशी भांडायचं. योरीन, तुम्ही चोर. आईचा हात धरा."

योरीननं फुलपाखरू धरावं तसा आईचा हात धरला. बाईंनी तो सहज सोडवला.

"हा कसला चोर! आता मी चोर होते," बाई म्हणाल्या. "चोराचं डोकं कसं चालतं, ते कळायला नको मला?"

"आई, राहू दे."

"माझ्यासाठी गं."

बाईंनी तिचं मनगट धरलं. योरीन पांढरीफटक पडली. रिनुस पुढे सरकला, पण बाईंनी मान हलवून त्याला थांबवलं.

"सोडव," त्या म्हणाल्या. "आईचाच हात आहे. सोडव."

योरीननं हिसका दिला. सुटला नाही. मग तिनं अंगठा बघितला, हात वळवला आणि सुटली. ती आपल्या मनगटाकडे बघत राहिली.

"पुन्हा," ती म्हणाली.

पुन्हा सुटली. मग मागून, मग दोन्ही हात. आता घाम आला होता, केस सुटले होते. शेवटी बाईंनी तिला घट्ट आवळलं, तेव्हा तिच्या पोटातून असा 'नाही!' निघाला की भिंतीपाशी एकदम सामसूम झाली. मग एका पोरानं टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनीच वाजवल्या. योरीन हसत होती, आणि हसता हसता डोळे पुसत होती. चिमुरडीनं तिला नाडीची गाठ सोडवून मागितली, तेव्हा ती तिच्यापाशी जाऊन बसली.

आलिदाबाई धापा टाकत गादीवरच बसल्या होत्या. रिनुस त्यांच्याजवळ टेकला. त्याला आता काळजी वाटू लागली होती.

"बाई, तुमचा सराव राहूनच गेला. सगळा वेळ मुलीनंच घेतला."

"फार छान शिकवता हो तुम्ही."

"ते सोडा. पुढच्या शनिवारी यायचंच. भीती वाटली तर मी बसथांब्यावर न्यायला येतो, पण घरात बसू नका. माझी आई बसली होती. मला नाही आवडलं ते."

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"आम्ही दर शनिवारी येऊ. नाव मात्र तिचं घाला, माझं नको. मी आपली सोबतीला."

"पण भीती तर तुमची घालवायचीय."

बाईंनी मुलीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मला कुणी कधी हात लावला नाही, मास्तर. पर्सची ती गोष्ट मीच रचलेली. लावला तो तिला. आणि ते मला ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नाही."