येतो म्हणावं

देखल्या देवा दंडवत, तोही परतीचं तिकीट काढून! सुलभाने मनातल्या मनात नाक मुरडलं. अकरा वर्षं वडिलांच्या पायांना तेल चोळलं तिने, आणि डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्याच पायांवर डोकं ठेवायला दोघे भाऊ विमानाने हजर. धाकटा तर आल्यापासून घड्याळच बघत होता.

"शेवटी सगळे जमलो, हे महत्त्वाचं," थोरली वहिनी डोळ्यांना कोरडाच रुमाल लावत म्हणाली.

नानांचा उभ्या जन्मात एकच हट्ट. घरातून निघताना कुणी "जातो" म्हणालं, की ते त्याला उंबऱ्यावरून मागे बोलवायचे आणि "येतो" म्हणवून घेऊनच सोडायचे. भाऊही मोठे आज्ञाधारक! दर खेपेला न चुकता "येतो, नाना" म्हणून गेले आणि पाच-पाच वर्षं इकडे फिरकले नाहीत.

दुपारी नानांनी डोळे उघडले. सगळ्यांवरून एकवार नजर फिरवली, सुलभाचा हात चाचपून हातात घेतला आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "जातो."

"नाना, असं अभद्र बोलू नये," थोरला लगबगीने खाली वाकला. "येतो म्हणावं. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"शिकवलं खरं," नाना म्हणाले. "पण तुमच्यासारखं खोटं बोलून जाणं मला जमायचं नाही."