बोनेटला लावलेले हात

“पाय वं देवके, जुनी डिझेल गाडी घ्याले गेली तं आधी बोनेटले हात लावजो. गरम लागलं तं समज, थंड इंजिन चालू होत नाही म्हणून मालकानं तापवून ठेवलं.”

रुपराव गेले, पण नवऱ्याचं हे सांगणं देवकी विसरली नव्हती. भिवापूरहून मिरची आणायची तर गाडी पहाटे सुरू व्हायलाच हवी. म्हणून ती लकडगंजात पिकअप पाहायला आली होती.

“कालपासून उभीच आहे, माय,” विकणारे कवडूजी म्हणाले.

तिनं बोनेटवर दोन्ही तळवे टेकवले. मे महिन्याची भर दुपार. इंजिन तापलंय की नुसता पत्रा, काही कळेना. “नारायणा!” म्हणत तिनं पोळलेली बोटं कानाच्या पाळ्यांना लावली नि डोळे मिटून घेतले.

कवडूजी बघतच राहिले.

“लोकं टायरले लाथ मारून पायतात, तुम्ही तं गाडीले नमस्कार केला! आता खोटं नाही बोलवत, माय. सकाळी धक्का मारूनच चालू केली. तुमच्यासाठी चांगली गाडी मीच पाहून देतो,” एवढं बोलून त्यांनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि ते भर उन्हात चालू लागले.