मूळ उतार

ग्रंथपाल बाईंची उभी हयात त्या पुरातन वाचनालयात गेली. मग पाय गेले, चाकांची खुर्ची आली आणि दारापुढच्या पायऱ्यांनी त्यांना बाहेरच अडवलं.

"पायऱ्यांशेजारी एक उतार बांधा हो," त्या जतन विभागाच्या साहेबांना म्हणाल्या.

"बाई, वारसा आहे हा! मूळ रूपाला धक्का लावता येत नाही. शेजारी नवं बांधकाम? नावच काढू नका."

"रूपाला नका लावू धक्का. माझ्या खुर्चीला लावा!"

साहेब ढिम्म हलले नाहीत.

पुढे पायऱ्यांची डागडुजी निघाली. दगड उचलले, तर खाली चक्क जुना दगडी उतार! पायऱ्या मागाहून कुणीतरी त्याच्या डोक्यावर बसवलेल्या. "मूळ ते मूळ!" म्हणत साहेबांनी त्या उखडून टाकल्या. बाईंना आभाळ ठेंगणं झालं. उद्घाटनाला त्या सगळ्यांच्या आधी खुर्ची रेटत हजर झाल्या.

उताराभोवती मखमली दोर होता, आणि दोराला पाटी.

 

"अतिदुर्मीळ मूळ उतार. कृपया यावरून जाऊ नये. आत येण्यासाठी शेजारी नवीन पायऱ्या बांधल्या आहेत."