मारामारीतला ट्रंपेट

फिल्म क्लबात जुना चिनी कुंगफूपट सुरू होता. पहिल्याच मारामारीला लग्नाच्या बँडमधले म्हातारे दस्तगीरचाचा ताडकन उठले.

“थांबवा! हे कसलं संगीत घातलंय? इथं ट्रंपेट होता. तोच ऐकून मी वाजवायला शिकलो!”

संयोजक पाटणकर म्हणाले, “चाचा, ते दुसऱ्या सिनेमातून उचललेलं होतं. परवानगी नव्हती, म्हणून नव्या प्रतीत बदललं. बसा आता.”

“असंल उचललेलं! मीपण तिथनंच उचलून चाळीस वर्षं वराती वाजवल्या. बदलताना मला विचारलं कुणी?”

चाचा पडद्याकडे वळले आणि मुठी ओठांशी धरून तोंडानंच ट्रंपेट वाजवू लागले. प्रत्येक लाथ बरोबर सुरावर पडू लागली. पाटणकरांनी सिनेमाचा आवाज बंद केला.