डावीकडच्या खिडक्या

शलाकानं पुन्हा गाडी कडेला घेतली आणि समुद्राचे फोटो काढायला उतरली.

“वळणावर गाडी थांबवतात का? समुद्र काय, कॅलेंडरवरही दिसतो!” शेजारच्या सीटवरून तिचे वडील करवादले. त्यांची सगळी नोकरी याच रस्त्यावर एसटी चालवण्यात गेली होती. सकाळपासून प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय तिथे नसलेला ब्रेक दाबत होता.

“उतरा तरी, अण्णा!”

कुरकुरत ते कठड्यापाशी गेले आणि कठडा धरून पुढे वाकले. खाली सुरूचं बन, ओली वाळू आणि थेट आभाळाला भिडलेलं निळंशार पाणी.

“हे इथं होतं?”

“म्हणजे? तुम्ही कधी पाहिलंच नाहीत?”

“रस्ता सोडून बघायची सोय होती का? मागची माणसं डावीकडच्या खिडक्यांवर गोळा झाली, गाडी तिकडे जरा कलली, की समजायचं, समुद्र आला.”

शलाकानं मोबाइल धरला. “जरा इकडे तोंड करा.”

“पाठमोराच काढ. मला बघू दे.”

गाडी निघाली. पुढच्या वळणावर तिनं सवयीनं त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाय निवांत होता. अण्णा डावीकडच्या खिडकीवर कलले होते.