बाईंचे हात

"आज हात गार आहेत हं तुमचे, बाई," बायको गुंगीतच पुटपुटली.

सोफेवाल्याचे अंगठे गुडघ्याच्या वाटीखाली जागच्या जागी थबकले. त्याने हात उचलले, आवाज न करता एकमेकांवर चोळले आणि पुन्हा कोमट तेलात बुडवले. बोलायची सोय नव्हती. एक तर मालीशवाल्या बाई काम करताना कधी तोंडातून शब्द काढत नसत. आणि दुसरं म्हणजे, तो काही बाई नव्हता.

बायको पलंगावर उताणी पडली होती. डोळ्यांवर ओल्या रुमालाची घडी. हीसुद्धा बाईंचीच पद्धत. डोळे झाकले की अंग सैल पडतं, अंग सैल पडलं की गुडघा ऐकतो. खिडकीचा पडदा फुगत होता, विरत होता. दुपार इतकी मऊ झाली होती, की रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा पाण्याखालून आल्यासारखे वाटत होते.

खऱ्या बाईंचं येणं केव्हाच थांबलं होतं. त्यांना दवाखान्यात पक्की नोकरी लागली. ते सांगायला त्या आधी खाली दुकानात शिरल्या. बायकोचे गुडघे झिजलेले. झाली ती झीज भरून येत नाही, पण चोळून-हलवून दुखणं आटोक्यात राहतं, असं डॉक्टर म्हणाले होते. दुकानावरच्या या घराचा जिना म्हणजे तिला डोंगर. धाकट्या बहिणीचं घर तळमजल्यावर, दाराशी बाग. 'मालिशीने उतार पडला तर ठीक, नाहीतर मी आपली कायमची धाकटीकडे,' असं तिने जाहीर करून टाकलं होतं. बाई बंद म्हणजे बायकोही बंद, हा हिशेब त्याने उभ्या उभ्या मांडला.

"मला शिकवा," तो म्हणाला होता.

बाईंनी आधी पोटभर हसून घेतलं. मग तिथेच, एका सोफ्याच्या हातावर त्याची शिकवणी घेतली. वाटीवर दाबायचं नाही, कडेकडेने फिरायचं. जोर कमी, सबुरी जास्त. सोफेवाल्याला ते फारसं परकं वाटलं नाही. जन्मभर त्याने कापडाआडच्या कापसातली गाठ बोटांनीच तर शोधली होती.

तेव्हापासून रोज दुपारी "दुकानात जातो गं" म्हणत तो चपला फटफट वाजवत जिना उतरायचा, आणि त्याच चपला हातात घेऊन मांजराच्या पावलांनी वर यायचा. पहिल्याच दिवशी घोटाळा केला. मालीश संपली आणि सवयीने त्याने गुडघ्यावर दोन थापा मारल्या, गादी भरून झालेल्या खुर्चीला मारायचा तशा. पण ती हललीसुद्धा नाही.

आजची दुपार मात्र निराळी होती. पलंगाखाली भरलेली बॅग होती. उतार पडेना, म्हणून उद्या सकाळी भाचा गाडी घेऊन तिला न्यायला येणार होता.

"तुम्हाला म्हणून सांगते, बाई," रुमालाखालून शब्द तरंगत आले. "आमच्या ह्यांचा सगळा जीव खुर्च्यांत. पाहुणा आला तरी आधी त्याची बैठक बघतात, मग तोंड. मी म्हटलं, मी चालले धाकटीकडे. तर काय म्हणावं माणसाने? 'तिकडे थंडी असते, स्वेटर घे!'"

सोफेवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला म्हणायचं होतं दुसरंच. ते ओठांपर्यंत आलंही होतं. बाहेर पडलं ते स्वेटर होऊन.

तो मुकाट तेल जिरवत राहिला. तळहाताखाली गुडघा हळूहळू ऊब धरू लागला आणि त्या उबेत त्यालाही गुंगी येऊ लागली. हेच गुडघे कधीकाळी सायकलच्या हँडलला लागत होते. नवी नवरी पुढच्या दांडीवर बसलेली, समोर लांबच लांब उतार, आणि त्याने ब्रेक म्हणून लावला नव्हता. वळणावर ती हसली होती, तेव्हा चाकं जमिनीवर होती की नव्हती कोण जाणे. पडदा शिडासारखा फुगला. पलंग, बॅग, अख्खी खोली त्या उतारावरून आवाज न करता घरंगळू लागली, आणि खाली, अगदी तळाशी, एक गाडी दार उघडून उभी होती.

"एकदा नुसतं 'नको जाऊस' म्हटलं असतं ना, बाई," ती म्हणाली, "तर त्यांच्या खुर्च्या काही उसवल्या नसत्या."

"नको जाऊस," सोफेवाला म्हणाला.

घोगरा, कापसाच्या धुळीने भरलेला आवाज. अस्सल त्याचाच. पडदा खाली बसला. सोफेवाला तेलकट हात हवेत धरून, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा उभा राहिला. पळावं म्हटलं तर चपला पलंगाच्या पलीकडे.

बायको दचकली नाही. तिने रुमालही काढला नाही.

"भाच्याला सकाळीच फोन केलाय," ती म्हणाली. "गाडी आणू नकोस म्हटलं. बॅग तेवढी ठेवली भरलेली. म्हटलं बघू, अजून किती दम धरताय ते."

त्याने हवेतले हात हळूच खाली आणले.

"आणि... गुडघे?"

"गुडघे आहेत तसेच. ठणकतात मेले." तिने दुसरा पाय त्याच्याकडे सरकवला. "पण बाई कुठे रस्त्यात भेटल्या, तर अगदी ठणठणीत झाले म्हणून सांगा हं. नाहीतर उद्यापासून परत यायच्या त्या."