माठांची जागा

“तुझे माठ कच्चेच राहतात,” बाजारात पिकअपमधून वाटेत फुटलेल्या माठांची खापरं उतरवत नवरा म्हणाला.

भट्टी मी लावते. मी त्याच्या हातातली किल्लीच हिसकावली. “परत जाताना मी चालवते. तुम्ही मागे बसा, माठांच्या जागी.”

खडी वाहायचा तेव्हा त्यानेच मोठ्या हौसेने मागच्या स्प्रिंगला जादा पाटा चढवला होता. खडीचं काम सुटलं, पाटा राहिला. माठांच्या हलक्या ओझ्याला तो दबायचाच नाही आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात उडायची.

मी थेट गॅरेजपुढे थांबले. नवरा कंबर धरून उतरला आणि मी बोलायच्या आत त्यानेच मेस्त्रींना सांगितलं, “तो जादा पाटा आधी काढा.”

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हीही कच्चेच राहिलात की काय?”